ज्या पोरीचं गाणं, ते तिचंच

आत्या एकदा म्हटलेलं गाणं पुन्हा कधी म्हणत नसे. हळदीच्या मांडवात बायांनी कितीही गळ घातली, "गेल्या साली सुमनच्या हळदीला म्हणलं व्हतं तेच म्हण की," तरी ती मान हलवायची. "ते सुमनचं व्हतं. सुमन घेऊन गेली." एवढंच उत्तर. जणू सुमननं ते गाणं ट्रंकेत साड्यांच्या घडीत घालून सासरी, हट्टा गावाला नेलं होतं आणि आता ते आमच्या गावात उरलंच नव्हतं.

आमचं गाव कुरुंद्याच्या शिवाराला लागून. तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता, हिंगोली नंतर वेगळा झाला. काळी जमीन, विहिरीला पाणी आणि घरोघर हळद. आत्या धनगरांच्या वस्तीवरची. तिचा भाऊ मेंढरं घेऊन वर्षातले सात-आठ महिने बाहेर असायचा. आत्या त्याच गावची लेक, म्हणून आम्हा सगळ्या पोरीबाळींची ती आत्या. रेशनकार्डावर तिचं नाव गिरजा होतं, पण त्या नावानं तिला हाक मारणारं कुणी मी ऐकलं नाही.

तिचं लग्न झालेलं होतं. पोरगी दोन वर्षांची असताना नवरा मेंढरं घेऊन वऱ्हाडाकडे गेला आणि परत आला नाही. मेला म्हणावं तर कुणी पाहिलं नव्हतं, दुसरं घर केलं म्हणावं तर पत्ता नव्हता. आत्या लेकीला कडेवर घेऊन माहेरी आली ती कायमची. कपाळाला कुंकू होतं, गळ्यात काळी पोत होती, तरी हळदीच्या दिवशी म्हाताऱ्या बाया तिला पाटाजवळ येऊ देत नसत. नवरीला हळद लावायला तिचा हात चालत नव्हता, गळा मात्र चालत होता. मांडवाच्या बाहेर, डाव्या अंगाच्या मेढीच्या खांबापाशी तिला पोतं टाकून दिलेलं असायचं. तिथं बसून ती गाणं सुरू करायची आणि आतल्या बाया तिच्यामागून ओळ उचलायच्या. मला कळायला लागलं तसा मला याचा राग यायला लागला. एकदा मी तिला म्हटलंही, "आत्या, तू काहून बसतीस तिथं? जाऊच नको." ती म्हणाली, "तिथून नवरीचं तोंड समोर दिसतं. आतल्या बायांना पाठच दिसती."

गाणं बांधायच्या आधी आठ-दहा दिवस ती नवरीच्या घरी जाऊन बसायची. काही ना काही निमित्त काढायची. लेंडीखत टाकायचं का म्हणून विचारायला, नाहीतर शेळीचं दूध द्यायला. दारातच बसायची. पोरगी पाणी कशी शेंदते, धाकट्याला कशी रागावते, जेवताना आधी काय खाते, सगळं बघायची. बोलायची कमी. "पाहिल्याबिगर म्हणू काय?" हे तिचं नेहमीचं वाक्य.

मग आमच्या शेतात हळद मोडायला आली की गाणं तयार व्हायचं. माघ-फाल्गुनात हळद खणून काढली की गड्ड्यांपासून हळकुंडं मोडून वेगळी करायचं काम बायांकडे असे. दहा-बारा जणी ढिगाभोवती बसायच्या. बोटं पिवळी, नखं काळी. आत्या पुटपुटत असायची आणि तिच्या शेजारी तिची लेक मथुरा ते पुटपुटणं झेलत असायची. मथुरा माझ्याच वयाची, माझी मैत्रीण. शाळेत सातवीपर्यंत माझ्या बाकावर होती, पुढे सुटली. आत्या गाणं बांधायची आणि लग्न उरकलं की स्वतःच विसरायची. मथुरा विसरत नसे. कुणाची कुठली ओळ, कुठल्या साली, सगळं तिच्या डोक्यात बसलेलं. पण आईच्या धाकानं तीही ते मोठ्यानं म्हणत नसे.

सुमनला लहानपणापासून कोंबड्यांचं वेड. दिवस कलला की खुराड्याची कडी लावल्याशिवाय ती जेवत नसे. तिच्या गाण्यात आत्यानं म्हटलं होतं :

सुमन चालली सासरी, मागं वळून पाहती,
खुराड्याची कडी बाई, कोण लावल सांजराती?

सुमन अशी रडायला लागली की हळद ओली झाली. आणि पार्वती रंगानं काळी, तिला तीन ठिकाणांहून नकार आलेला. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. आत्या मांडवात सगळ्यांसमोर म्हणाली :

तीन आले, काळी म्हणून वाटेवरून फिरले,
चौथ्याला गं डोळे होते, त्यानं रान ओळखले.

पार्वतीच्या आईनं पदर तोंडाला लावला. पण पार्वतीनं, जी आठवडाभर मान खाली घालून बसली होती, तिनं मान वर केली. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्यानं आपल्या मुलीच्या हळदीला आत्याला निरोप धाडला की गाण्यात माझं नाव घाल, माझी विहीर घाल, ट्रॅक्टर घाल. आत्यानं निरोप ऐकून घेतला. मांडवात बसली आणि गाण्यात मुलगीच आली, बाप आला नाही. तो उठून तिच्यापाशी गेला. "सांगितलं व्हतं की न्हाई?" आत्या बसल्या जागेवरून म्हणाली, "मालक, तुमची हळद झाली तवा तुमचं गाणं झालं आसंल. आज हिचं हाय." तो चिडला. आत्या पोतं झटकून उठली. तेव्हा हळदीनं माखलेली ती पोरगी पाटावरून उठून बापाला म्हणाली, "अण्णा, आत्या गेली तर मी हळद लावून घेणार न्हाई." बाप जागेवर जाऊन बसला. आत्यानं पोतं पुन्हा अंथरलं आणि जिथं थांबली होती त्याच ओळीपासून पुढे गेली.

मी वसमतला कॉलेजात जाऊ लागले तेव्हाची गोष्ट. आमचे इंग्रजीचे सर एक दिवस नेमलेलं पुस्तक बाजूला ठेवून एका ग्रीक कवयित्रीबद्दल बोलत राहिले. अडीच हजार वर्षांपूर्वीची बाई. सरांनी तिचं नाव फळ्यावर लिहिलं, पण पुढे आत्या तिला 'बेटावरली बाई' म्हणू लागली आणि माझ्याही तोंडी तेच बसलं. त्या तासाला मला राहून राहून आत्या आठवत होती. पुढच्याच रविवारी हळद मोडताना मी ते सांगायला बसले.

"आत्या, परमुलखात तुझ्यावाणी एक बाई होती. लई जुनी. पोरी जमवायची, त्यांना गाणं शिकवायची. त्यांची लग्नं जमली की त्यांच्यासाठी गाणी बांधायची."

"कोणता मुलूख?"

"बेटावर राहायची. म्हंजे चारी बाजूंनी पाणी अन् मधी गाव."

"पुरात अडकल्यावाणी?"

"तसंच. पण कायमचं."

आत्याचा हात थांबला. "मग पोरी माहेरी कशा येत आसतील?"

"होडीनं."

"मेंढरं हायती का तिकडं?"

ते मला ठाऊक नव्हतं. असतील, म्हटलं. मग मी पुढचं सांगितलं. तिकडच्या मोठ्या माणसांची भांडणं झाली तेव्हा त्या बाईला काही वर्षं आपला मुलूख सोडून लांब जाऊन राहावं लागलं. ती गेल्यावर लोकांनी तिच्या गाण्यांची नऊ पुस्तकं केली. ती सगळी गेली. एक गाणं अख्खं राहिलं. बाकी नुसते तुकडे. काही जुन्या उकिरड्यात सापडले, कागद उभा फाटलेला, त्यामुळे प्रत्येक ओळ अर्धीच. काही एवढ्याचसाठी टिकले की कुण्या पंडितानं एखादा शब्द समजावून सांगताना तिची ओळ दाखल्याला घेतली होती.

मथुराला हसू फुटलं. "म्हंजे अर्धी वळ आपल्याला, अर्धी उंदराला!"

आत्या हसली नाही. तिनं विचारलं, "तिला लेकरू व्हतं का?"

"व्हय. एक पोरगी होती. तिचं नाव तिच्या गाण्यात येतं."

"मग हरवली काहून म्हणतेत? पोरीला येत आसतील की." असं म्हणून तिनं मथुराकडे पाहिलं आणि पुन्हा हळकुंडं मोडायला लागली.

तेव्हापासून ती बेटावरली बाई आमच्यातलीच एक झाली. आत्या मधूनच विचारायची, "तुझी बेटावरली बाई हळदीला काय म्हणायची? तिकडं हळद हाय का?" मी त्याच आठवड्यात दोनशे पानी वही आणली आणि आत्याला म्हटलं, तुझी गाणी लिहून घेते. ती नाही म्हणाली. रागानं नाही, समजावून सांगितलं तिनं. "लिहिलं की ते कुनाचंबी व्हतं, शोभे. मग पारूचं गाणं कोनीबी कोनाच्याबी हळदीला म्हनल. पारूला काय ऱ्हायलं?" मी म्हटलं, मग मथुराला तरी सांगू दे. "मथीला येतंय तेवढं बास हाय." मी वही ठेवून दिली. मी वीस वर्षांची होते. मथुरा समोर होती, हसत होती, तिचं सगळं तिला पाठ होतं. मला वाटलं, घाई कशाची?

मथुराचं स्थळ तिच्या मामानं आणलं. कळमनुरी तालुक्यात, कयाधूच्या पलीकडे. मुलगा निर्व्यसनी, चार एकर रान, दोन बैल, घरात माणसं थोडी. सगळं खरं होतं. नंतरही त्या घराबद्दल वाईट बोलावं असं मला काही सापडलं नाही. आत्याला जाऊन घर बघायचं होतं. पण मेंढरं दूर चरायला गेलेली, भाऊ घाईत, तारीख जवळची. भाऊ म्हणाला, "ताई, मी पाहून आलोय नव्हं? लई जवळ हाय. नदी वलांडली की गाव. हाकेवर." आत्यानं भावाचा शब्द मानला. भावाच्या घरी राहणाऱ्या बाईनं दुसरं काय करायचं?

लेकीच्या हळदीलाही ती मेढीपाशीच बसली. मी आत होते, मथुराच्या पाठीला हळद लावत होते. गाणं सुंदर होतं. मथुराचं हसणं होतं त्यात, तिचं शाळा सुटणं होतं, आईच्या ओळी झेलणंही होतं. आणि शेवटाला आत्यानं म्हटलं :

नदीपल्याड दिली लेक, नदी काही दूर न्हाई,
माय मारील हाक तवा ऐकल्याबिगर ऱ्हाणार न्हाई.

बायांनी ओळ उचलली. मथुरा माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "आईनं नदी कव्हा पाहिली गं?" मी म्हटलं, गप बस, हलू नको.

पुढच्या साली मथुरा बाळंतपणाला माहेरी यायची होती. आठवा महिना लागला की पोळ्यानंतर मामा आणायला जाणार असं ठरलं होतं. पोळा झाला आणि पाऊस लागला. चार दिवस उघडला नाही. पाचव्या दिवशी निरोप आला की मथुराचं पोट दुखून राहिलंय, दवाखान्यात न्यायचंय. आत्या आणि तिचा भाऊ जीप करून निघाले. पण कयाधूवरचा फरशी पूल पाण्याखाली गेलेला. जीप अलीकडच्या काठावर उभी राहिली. पलीकडच्या काठावर सासरच्या लोकांनी मथुराला बाजेवर घालून आणलं होतं, वर मेणकापड धरलं होतं. भर दुपार होती. माणसं दिसत होती, बाज दिसत होती.

मी तिथं नव्हते. आत्याच्या भावानं मला नंतर सांगितलं, तेही एकदाच. "ताई काठाला जाऊन हाका मारून राहिली व्हती. मथी, मथी म्हणून. पाण्याचा आवाजच आसा की मी बाजूला हुबा, मला ऐकू येईना." तासाभरानं पलीकडच्या लोकांनी बाज उचलली आणि गावात परत नेली. गावातल्या शाळेच्या खोलीत बाळंतपण झालं. पोरगी जगली. दिवस मावळायच्या आत मथुरा गेली. पाणी दुसऱ्या दिवशी उतरलं.

तेराव्यानंतर मी आत्याकडे गेले. ती ओट्यावर बसली होती. मी जवळ बसले. ती म्हणाली, "मव्हं गाणं खोटं निघालं." मी म्हटलं, "आत्या, गाण्यानं काय होतं? नदीला पूर आला." तिनं माझ्याकडे पाहिलं सुद्धा नाही. "न पाहिलेलं म्या तिच्यापुढं म्हणलं. तिनं खरं धरलं आसंल."

त्या दिवसापासून तिनं गाणं सोडलं. गावात लग्नं होतच राहिली. आत्याला कुणी बोलवायला गेलं तर ती शेळ्या घेऊन रानात निघून जायची. हळूहळू बोलावणं बंद झालं. मांडवात टेपवर कॅसेट लागू लागली. हळद मोडायला मात्र ती येत राहिली. शेजारची जागा मोकळी राहायची, तिथं कुणी बसत नसे. एकदा असंच काम चाललेलं असताना तिनं अचानक विचारलं, "शोभे, त्या बेटावरल्या बाईच्या पोरीचं पुढं काय झालं?"

"ठाऊक नाही, आत्या. कुणालाच ठाऊक नाही."

"आसं कसं? कोनी इचारलंच न्हाई?"

मी पुढचा गड्डा मोडायला घेतला.

माझं लग्न ठरलं ते वारंगा फाट्याजवळच्या एका गावात. मुलगा शिक्षक, मीही डी.एड. करून नोकरीची वाट बघत होते. मी आत्याकडे गेले आणि म्हटलं, "आत्या, मला गाणं पाहिजे." ती नाही म्हणाली. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशीही गेले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "काहून हट्ट करून राहिलीस? मव्ह्या गाण्याचा इश्वास धरू नको." मी उठून आले. आईला म्हटलं, लावा कॅसेट.

हळदीच्या आठ दिवस आधी आत्या दोन दिवस गावात दिसली नाही. तिच्या भावजयीला वाटलं शेळी हरवली म्हणून शोधायला गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या दारात आली. पायावर धूळ, आवाज बसलेला. आईनं चहा दिला. आत्यानं बशीत ओतून प्यायला आणि मला म्हणाली, "बस हितं." मी बसले.

"तुझं सासर पाहून आले."

आई दाराशी थबकली. "कशाला गेलतीस, बाई? त्यांना कळलं तर काय म्हणतील?"

"कळलं न्हाई. शेळी हरवली म्हणलं. पाणी मागितलं, तास दीड तास बसले." मग ती माझ्याकडे वळली आणि एकेक सांगू लागली. तिचा आवाज सपाट होता, हिशेब दिल्यासारखा. "फाट्यावर यष्टीनं उतरले अन् चालत गेले. रस्ता डांबरी हाय. यष्टी दिवसाला दोनदा गावात जाती. मधी एक वढा हाय, त्याच्यावर पूल हाय, उंच हाय, म्या हुबा राहून पाहिला. हापसा घरापासून लांब हाय, दोन खेपा घालाव्या लागतील. सासू कानानं कमी ऐकती, पण कबूल करीत न्हाई. तिच्यासंगं मोठ्यानं बोलत जा, तिला राग येणार न्हाई. नवऱ्याला म्या अंगणात पाहिलं. चपला उंबऱ्याबाहेर जोडीनं काढल्या, अन् म्हातारीच्या हातची बादली घेतली. दारात कडुलिंब हाय. घर पश्चिमेला तोंड करून हाय, उनाळ्यात तकलीफ व्हईल."

ती थांबली. "एवढंच. गाणं न्हाई."

मी तिच्या पाया पडले. ती म्हणाली, "खरं हाय तेवढंच सांगितलंय," आणि गेली.

माझ्या हळदीला मांडवात कॅसेट लागली. आत्या आली, बाहेर मेढीपाशी बसली आणि गप्प राहिली. सासरी गेले त्या पहिल्याच सकाळी मी सासूबाईंशी मोठ्यानं बोलले. त्यांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. दहा-पंधरा दिवसांनी त्या मला म्हणाल्या, "पहिल्या दिवसापासून मला तुझं सगळं ऐकू येतं बाई. बाकीचे तोंडातल्या तोंडात बोलतेत." मी काही सांगितलं नाही. दोन खेपा घालताना, उन्हाळ्यात पश्चिमेची झळ अंगावर घेताना मला कधी फसवल्यासारखं वाटलं नाही. सगळं आत्यानं सांगितल्याप्रमाणे होतं.

पुढे मला शाळेत नोकरी लागली आणि काही वर्षांनी माझी बदली माहेरच्या जवळ झाली. आत्या तेव्हा खंगली होती, छातीत कफ, चाललं की दम लागायचा. एक दिवस मला म्हणाली, "शोभे, मला मथीच्या गावाला घेऊन चाल." मथुरा गेल्यापासून ती तिकडे गेली नव्हती. पोरीला, रेणुकाला, जावईच अधूनमधून आणून भेटवून नेत असे, तेही थोडा वेळ. जावयानं दुसरं लग्न केलं होतं. ती बाई चांगली निघाली, रेणुका तिलाच आई म्हणायची. आत्याला त्याचं बरं वाटायचं.

आम्ही जीपनं गेलो. कयाधूवर आता उंच पूल झाला होता. आत्यानं जीप थांबवायला लावली, उतरली, कठड्याला धरून खाली पाहत राहिली. उन्हाळ्याचे दिवस, पात्रात जेमतेम डबकी. मी तिच्या दंडाला धरलं होतं. मग ती आपणहून जीपमध्ये चढून बसली.

रेणुका सात वर्षांची होती. आत्या तिच्या दारात दिवसभर बसली. सुरुवातीला रेणुका लाजत होती, मग तिला आत्याची सवय झाली आणि ती आपल्या कामाला लागली. सागरगोटे खेळली, धाकट्या भावाला खाऊ घातलं, मांजरीवर ओरडली. आत्या बघत होती. किती वर्षांनी मी तिला तसं बघताना पाहत होते. उन्हं उतरल्यावर निघताना आत्यानं तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली.

परतीच्या वाटेत पूल ओलांडला आणि ती गाऊ लागली. आवाज फाटलेला, पण ठेका तोच. जीपवाल्यानं गाडीचा वेग कमी केला. चार कडवी होती. दोन झाली, मग ती थांबली. मला वाटलं दम लागला. तिनं हाताच्या बोटांवर ठेका मोजला, एका कडव्याएवढा, आणि मग पुढचं कडवं म्हटलं, ते शेवटचं.

"तिच्या हळदीला मी नसन," ती म्हणाली. "तू म्हण. पाठ कर आता."

"आणि तिसरं कडवं?"

"ते मोकळं ठेवलंय. पोरगं सात वर्षांचं हाय. हळदीला उभी ऱ्हाईल तवा कशी आसंल, मला काय ठावं? न पाहिलेलं म्या एकदा घातलं. आता न्हाई. तू पाह्यत जा अन् तू घाल."

घरी पोचेपर्यंत तिनं माझ्याकडून ती तीन कडवी वीस वेळा म्हणवून घेतली. दर वेळी तिसऱ्या जागी आम्ही दोघी गप्प बसायचो आणि ती बोटांवर ठेका मोजायची.

त्या पावसाळ्याच्या शेवटाला आत्या गेली. माझ्या शाळेत निरोप आला तेव्हा मी वर्गात होते. पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तिच्या भावानं तिचं पोतं मला दाखवलं, घडी करून ठेवलेलं. दुसरं काही नव्हतं दाखवण्यासारखं.

मग मी तिची गाणी शोधायला निघाले. तिनं लिहू नको म्हटलं होतं. ते मोडावं की नाही याचा मी बराच विचार केला आणि ठरवलं की ज्या पोरीचं गाणं तिला विचारायचं. ती देईल तेवढंच घ्यायचं आणि कुणाच्या हळदीला म्हणायला द्यायचं नाही. सुट्टीच्या दिवशी एकेकीच्या सासरी गेले. हट्ट्याला सुमनला खुराड्याच्या दोन ओळी आठवत होत्या, बाकी नाही. "तवा रडत व्हते बाई, ऐकलं कुठं?" पार्वतीला पुष्कळ येत होतं, पण मधली कडवी मागंपुढं झाली होती. एकीला फक्त चाल आठवत होती, शब्द एकही नाही. एकीनं मला "आणि म्हशीनं मान वळवली" एवढंच सांगितलं. मागचं काय, पुढचं काय, ती म्हैस कुणाची, काही कळायला मार्ग नाही. ज्या पोरीनं बापाला अडवलं होतं, तिच्याकडे मी मोठ्या आशेनं गेले. तिनं मला जेवू घातलं आणि सांगितलं, "मला समदं येतं. पण सांगणार न्हाई. माझ्याजवळ माझं म्हणून तेवढंच हाय." मी आग्रह केला नाही. ती दोनशे पानी वही माझ्याकडे अजून आहे. तिची अकरा पानं भरली आहेत. अर्धवट ओळी, रिकाम्या जागा, बाजूला पोरीचं नाव आणि गाव.

रेणुकाचं गाणं त्या वहीत नाही. ते मला पाठ आहे.

दर वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्या घरी जाऊन एक दिवस राहते. तिला मी मावशी. आता ती आठवीत गेली आहे. डावखुरी आहे. पाणी पिताना डोळे मिटते. गणित आवडतं, पण वर्गात हात वर करत नाही. गेल्या साली ती कमी बोलायची, या वर्षी सारखी बोलते. मांजर मेली तेव्हा रडली नाही, तीन दिवस जेवली मात्र नाही. सायकल शिकली आहे आणि उतारावर ब्रेक लावत नाही म्हणून आईचं बोलणं खाते. यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, मला अजून समजलेलं नाही. मी आत्या नाही. कधी कधी ओळ सुचते, पण ती गोड असते आणि मला तिची भीती वाटते.

या वेळी सकाळी ती हापशावर पाणी भरत होती. डाव्या हातानं दांडा मारत होती, आणि दर चार-पाच ठोक्यांना थांबून कळशीत वाकून बघत होती, किती भरलं ते. मी दारात बसले होते.

"मावशी, तुमी इतकं काय पाहून राहिल्या माझ्याकडं?" तिनं विचारलं.

"काही नाही. तू भर पाणी," मी म्हटलं, आणि पाहत राहिले.